आखून दिलेली सुट्टी

शंकेखोर : वहिनी, कॅनकूनला जाऊन आलात, छान झालं. पण ‘आम्ही मेक्सिको पाहिला’ असं मात्र सांगत सुटू नका. तुम्ही पाहिलंत ते एका बँकेनं काढलेलं शहर. 1960 च्या दशकाच्या अखेरीला मेक्सिकोच्या मध्यवर्ती बँकेला डॉलर हवे होते. तिच्या अधिकाऱ्यांनी देशाचा किनारा पालथा घातला, हवामानाचे आणि प्रवासाच्या सोयींचे तक्ते मांडले आणि युकातान द्वीपकल्पाच्या टोकाशी, इंग्रजी 7 च्या आकड्यासारखी वाकलेली वाळूची एक चिंचोळी पट्टी पक्की केली. एका अंगाला कॅरिबियन समुद्र, दुसऱ्या अंगाला निचुप्तेचं खारं सरोवर. वस्ती म्हणाल तर नारळाच्या बागेची राखण करणारी दोन-चार माणसं. 1970 मध्ये काम सुरू झालं, इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेनं कर्ज दिलं आणि चार-पाच वर्षांत हॉटेलं उघडली. कॅनकून ज्यात येतं त्या किंताना रोओला राज्याचा दर्जा मिळाला तोही 1974 च्या ऑक्टोबरात. एरवी गावात आधी बंदर असतं, बाजार असतो, देऊळ असतं आणि पाहुणा मागाहून येतो. इथे पाहुणा आधी ठरला, गाव नंतर.

हौशी : भाऊजी, तुमची उभी हयात सिडकोत गेली आणि आखीव शहराला नावं तुम्ही ठेवता? सिडकोही 1970 सालचीच. नेरूळमध्ये जन्मलेल्या मुलाला तुम्ही ‘तुझं गाव खोटं’ असं सांगाल का? कॅनकूनच्या मुख्य भूमीवरच्या शहरात पत्ता ‘सुपरमान्साना’च्या नंबरानं सांगतात, तुम्ही सेक्टर सांगता तसा. युकातान, च्यापास, ताबास्को, वेराक्रूझ, कुठकुठून माणसं कामासाठी आली आणि तिथलीच झाली. आज तिथे नऊ लाखांच्या आसपास लोक राहतात. संध्याकाळी पार्के दे लास पालापासमध्ये जा. मुलं भाड्याच्या छोट्या मोटारीत बसून चौकाला फेऱ्या मारत असतात, आज्या बाकावर बसलेल्या असतात. गाडीवाला कणसावर लिंबू पिळतो, वर लाल तिखट भुरभुरतो. मका काय, मिरची काय, दोन्ही आपल्याकडे त्याच मुलखातून आलेली. शेजारी मार्केसिताची गाडी. लोखंडी साच्यात पातळ पीठ ओतायचं, साचा मिटायचा, विस्तवावर दोन्ही बाजूंनी फिरवायचा, उघडून त्यावर मूठभर एडम चीज किसून टाकायचं आणि गरम आहे तोवर सुरळी करायची. क्षणभर उशीर झाला की ती मोडते. गाडीवाला रांगेतल्या माणसाशी गप्पा मारत हे करतो, बोटाकडे बघतसुद्धा नाही. ही माणसं पाहुण्यांसाठी तिथे उभी नव्हती. आमच्याशिवाय पाहुणा कुणी दिसतच नव्हता.

शंकेखोर : दिसणार कुठून? तुमचं म्हणणं मान्य, शहर खोटं नाही. पण तुमच्या शेवटच्या वाक्यातच माझी शंका आहे. शहर खरं आहे आणि पाहुणा त्यात नाही. ही व्यवस्था आपोआप झालेली नाही. आराखड्यातच दोन तुकडे केलेले आहेत, राबणाऱ्यांचं शहर जमिनीवर आणि राहणाऱ्यांची हॉटेलं वीस-बावीस किलोमीटरच्या पट्टीवर. मधे मोजक्याच वाटा. ही रचना किती कामाची आहे ते 2003 मध्ये दिसलं. जागतिक व्यापार संघटनेची परिषद तिथे भरली होती, तुम्हाला आठवत असेल, शेतीच्या अनुदानांवरून आपण आणि ब्राझीलवाल्यांनी गट बांधला आणि बोलणी फिसकटली. मंत्री पट्टीवर होते, आंदोलक शहरात, आणि मधल्या रस्त्यावर लोखंडी कठडे. 10 सप्टेंबरला त्या कठड्यावर चढून ली क्युंग-हे या कोरियन शेतकऱ्यानं स्वतःला भोसकून घेतलं. एवढी मोठी परिषद एवढ्या सहज बंद करता येईल असं गाव जगात शोधून सापडायचं नाही. एरवी कठडे नसतात. त्यांचं काम तुमच्या मनगटावरचा पट्टा करतो. खाणं, पिणं, खोली, छत्री, सगळ्याचे पैसे आधीच भरलेले. मग बाहेर जाऊन जेवणं म्हणजे एका जेवणाचे दोनदा पैसे देणं. पाहुण्याला कुणी अडवत नाही, त्याचा हिशेबच त्याला अडवतो. तुमचा मुलगा ह्यूस्टनला राहतो, त्याला चार गोष्टी ठाऊक, म्हणून तुम्ही त्या चौकात पोचलात.

हौशी : पट्ट्याचं मला सांगू नका, कारण त्या पट्ट्याचं मोल तुम्हाला कळायचं नाही. आपल्या घरातल्या सहली आठवा. महाबळेश्वरला गेलो तर खोली स्वयंपाकघरासकट बघायची, स्टोव्ह बरोबर घ्यायचा. कोकणात गेलो तर सासूबाईंचं पथ्य. गाडीत बसायच्या आधी दशम्या, धपाटे, चटणी, कुणाला तेल चालत नाही त्याचं वेगळं. तुम्ही मंडळी किल्ल्यावर जाऊन इतिहास बघून यायचात आणि आम्ही कुकरच्या शिट्ट्या मोजायचो. ती तुमची सुट्टी होती. आमची जागा बदलायची, काम तेच. त्या हॉटेलात मी जन्मात पहिल्यांदा ‘आज काय करू’ हा प्रश्न न पडता उठले. सकाळी समुद्राकडे तोंड करून बसले ती कुणी उठवेपर्यंत. अस्सल जागा, खरे लोक, मूळ संस्कृती, हे शोधत फिरायला आधी माणूस विसावलेला लागतो. दमलेल्या माणसाला कुणीतरी आखून दिलेली सुट्टीच हवी असते. आणि घरात असं दमलेलं कोण असतं ते मी सांगायला नको. जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी माणसाची थोडी पंचाईत होते, काळ्या घेवड्याची उसळसुद्धा पुष्कळदा डुकराच्या चरबीत परतलेली असते, विचारून घ्यावं लागतं. पण भोपळ्याच्या बियांची एक चटणी मिळते, सिकिल पाक म्हणतात, ती खाल्ली तर तुम्ही जवसाची विसराल.

शंकेखोर : कुकरच्या शिट्ट्यांचं माझ्याकडे उत्तर नाही. पण त्याच धाग्यानं पुढे जाऊ या. तुम्ही उठायच्या आत तुमच्या मजल्यावर आलेली बाई घरून कधी निघाली असेल? तिचं घर पट्टीवर नाही, ते परवडणारच नाही. ते शहराच्या पार कडेला, गटार-पाणी धड न पोचलेल्या एखाद्या वस्तीत. अंधारात बस पकडायची, पट्टीवर उतरायचं, तुमच्या चादरी बदलायच्या, टॉवेलचा हंस करून पलंगावर ठेवायचा आणि संध्याकाळी घरी जाऊन तिच्या घरातल्यांसाठी ‘आज काय करू’ हा प्रश्न आहेच. तुमचा प्रश्न सुटला नाही वहिनी, तो दुसऱ्या बाईकडे गेला. तिथलं सगळं नकली असतं, ही तक्रार मी मागे घेतो. तुमची विश्रांती चांगली खरी होती. प्रश्न त्या विश्रांतीचं ओझं कुणी उचललं, हा आहे.

हौशी : हा प्रश्न बरा आहे. पण त्याचं उत्तर ‘जाऊ नका’ असं असेल, तर ते आधी तिला विचारा. 2020 च्या साथीत हॉटेलांना कुलपं लागली तेव्हा तिथे पोटाची काय गत झाली ते तिला विचारा. कॅनकून नव्हतं तेव्हा त्या जंगलात काय होतं हेही बघा. चिकूची झाडं होती. तुमच्या घोलवड-डहाणूच्या बागा आहेत ना, ते झाड मुळात तिकडचं. माया लोक त्याचं लाकूड देवळांच्या दारांवर तुळई म्हणून घालायचे, शेकडो वर्षं पावसात टिकलेलं लाकूड आहे ते. आपण फळ खातो, तिकडे चीक काढायचे. पावसाळ्यात माणूस दोरानं खोडावर चढायचा, कोयत्यानं नागमोडी खाचा पाडत जायचा, चीक खाली पिशवीत गळायचा, तो मोठ्या कढईत आटवून त्याच्या विटा पाडायच्या आणि अमेरिकेला पाठवायच्या, च्युइंगगमसाठी. दोर तुटला, कोयता चुकून दोरावर बसला, साप निघाला, जंगलात विचारणारं कोण? पुढे कृत्रिम गम आलं आणि तो धंदाही बसला. चादर बदलणं हे त्याहून वाईट काम आहे असं इथे पुण्यात पंख्याखाली बसून ठरवायचा अधिकार आपल्याला नाही.

शंकेखोर : त्याहीमागे जा म्हणजे चित्र पुरं होईल. 1847 मध्ये तिथल्या माया शेतकऱ्यांनी जमीनदारांविरुद्ध शस्त्र उचललं. पन्नासहून अधिक वर्षं ते युद्ध धुमसत राहिलं, आणि आजच्या किंताना रोओच्या जंगलात त्यांनी स्वतःचा मुलूख चालवला. चान सांता क्रूझ ही त्यांची राजधानी, तिथला क्रूस बोलतो अशी श्रद्धा. 1901 मध्ये मेक्सिकोच्या फौजेनं ती घेतली आणि पुढच्या वर्षी तो मुलूख केंद्राच्या ताब्यातला प्रदेश झाला. म्हणजे ‘रिकामी पट्टी’ बँकेला सापडली ती अशी सापडली. आता त्या किनाऱ्याचं नाव काय? रिव्हिएरा माया. लढले त्यांचं नाव पाटीवर आणि त्यांची नातवंडं चादरीला. पर्यटन वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण त्या आरशासारख्या निळ्या पाण्यात हे काहीच दिसत नाही, आणि दिसू नये अशीच ती रचना आहे.

हौशी : दिसतं, बघायचं असेल तर. हॉटेलांच्या पट्टीवरच 2012 पासून माया संग्रहालय आहे, मागे झाडीत जुन्या वस्तीचे अवशेष. थोडं पुढे एल रेयचे अवशेष, तिथे दगडादगडावर घोरपडीएवढे इग्वाना ऊन खात बसलेले. माणसं तुरळक. चिचेन इत्झाला मात्र गर्दी, ती असणारच, दोनशे किलोमीटरवरून रोज बसच्या बस येतात. पिरॅमिडवर आता चढू देत नाहीत, तेही योग्यच. आमच्या वाटाड्याची आई माया भाषेत बोलते, तो स्वतः बोलतो. त्यानं आम्हाला पवित्र विहिरीपाशी नेलं आणि एडवर्ड थॉम्पसन या अमेरिकन वकिलातीच्या माणसानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती उपसून सोनं, जेड, हाडं हार्वर्डच्या पीबडी संग्रहालयाला कशी पाठवली ते सांगितलं. त्यातलं काही पुढे परत आलं, सगळं नाही. हे तो पाहुण्यांना सांगतो, पगारी नोकर म्हणून, हसत हसत. मला नाही वाटत त्याला आपल्या कळवळ्याची गरज आहे.

शंकेखोर : त्याला नसेल. जमिनीला आहे. चिचेनला जाताना राज्याची हद्द ओलांडली की घड्याळ तासभर मागे करावं लागलं ना? 2015 मध्ये किंताना रोओनं आपली वेळच बदलून घेतली, कारण हॉटेलवाल्यांना संध्याकाळचा उजेड हवा होता. शाळेतली पोरं अंधारात निघतील तर निघोत. ज्या गावात पाहुण्यांसाठी सूर्य तासभर उशिरा मावळतो, तिथे वाळूची काय कथा. ती पट्टी म्हणजे समुद्रानं टाकलेला बांध. वादळात तिनं सरकायचं, वाळू द्यायची, वाळू घ्यायची. तिच्या टेकाडांवर काँक्रीट बसवलं आणि तिला जागच्या जागी राहा म्हणून सांगितलं. 1988 मध्ये गिल्बर्ट वादळ आलं. 2005 च्या ऑक्टोबरात विल्मा आलं, ते दोन दिवसांहून जास्त तिथेच घुटमळलं आणि किनारा खडकापर्यंत धुऊन गेलं. सरकारनं समुद्राच्या तळातून वाळू उपसून पसरली. ती पुन्हा गेली, काही वर्षांत पुन्हा पसरली. मधल्या काळात, 2009 मध्ये, एका हॉटेलानं आपल्यापुरती वाळू ओढून धरली म्हणून सरकारी अधिकाऱ्यांनी किनाऱ्याच्या त्या तुकड्याला फीत बांधली. वाळूची चोरी! आपल्याकडे नदीची चोरतात, तिकडे समुद्राची.

त्यात जमीन सगळी चुनखडीची. उत्तर युकातानात वाहती नदी नाही, पाणी सगळं पोटात. तुम्ही ज्या सेनोतेत पाय सोडून बसलात ना, ती त्या पाण्याची उघडी पडलेली खिडकी. साक आक्तुन नावाची पाण्याखालची गुहा तर तीनशे किलोमीटरहून लांब आहे. हॉटेलातलं असो की त्या बाईच्या वस्तीतलं, जे सांडपाणी नीट गोळा होत नाही ते याच चाळणीतून खाली जातं आणि फिरून समुद्राला मिळतं. 2023 च्या डिसेंबरात माया रेल्वे सुरू झाली, तिचे पोलादी खांब कॅनकून-तुलूमच्या बाजूला या गुहांच्या छतांतून खाली उतरवलेत.

हौशी : आणि सार्गासमचं विसरलात. ते तपकिरी शेवाळ अटलांटिकातून तांडेच्या तांडे वाहत येतं, 2015 पासून तर फारच. कुजलं की सडक्या अंड्याचा वास. पहाटे माणसं दाताळ्यानं ते ओढून ढीग लावतात, ट्रॅक्टर उचलून नेतो, आणि न्याहारीच्या वेळेला किनारा पुन्हा माहितीपत्रिकेतल्यासारखा. मी पाहिलंय ते, डोळे मिटून नव्हते गेले. पण एक सांगा, हे सगळं सांभाळायचे पैसे कुठून येतात? तिथल्या प्रवाळांचा विमा उतरवलाय, हे तुम्हाला ठाऊक आहे? राज्य सरकारनं आणि एका निसर्ग संवर्धन संस्थेनं मिळून योजना केली, वाऱ्यानं ठरलेला वेग ओलांडला की भरपाई. 2020 मध्ये डेल्टा वादळ आलं, पैसे मिळाले, आणि आधीच शिकवून तयार ठेवलेल्या पाणबुड्यांनी मोडलेली प्रवाळं पुन्हा बसवली. प्रवाळ लाटा अडवतं म्हणून हॉटेलं टिकतात, हा हिशेब झाला म्हणून तर त्याचा विमा निघाला. पर्यटक नसते तर त्या खडकाकडे कुणी ढुंकून पाहिलं असतं?

शंकेखोर : हेच मला खुपतं. हॉटेलाच्या हिशेबात जे बसतं तेवढं वाचतं. प्रवाळ पोस्टकार्डावर दिसतं, त्याचा विमा निघाला. खारफुटी दिसायला चिखलाची, डासांची. 2016 च्या जानेवारीत कॅनकूनमधल्याच ताहामारला रातोरात यंत्रं घालून ती तोडली, आणि जमीन विकसित करणारी संस्था सरकारीच होती. ते थांबवायला शाळकरी मुलांच्या नावानं कोर्टात जावं लागलं. मला त्या विम्याचं कौतुक आहे, पण त्यानं माझी भीती वाढते. सिंधुदुर्गाला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर करून पाव शतक उलटलं. उद्या कुणी तारकर्लीसाठी कॅनकूनचा आराखडा टेबलावर ठेवला तर प्रवाळांवर पैसे मिळतील आणि खाजणावर भराव पडेल.

हौशी : मग तुम्ही त्या टेबलाशी बसा आणि दोन्ही वाचवा, तुमचं ते कामच होतं. माझ्यावर का घसरता? मी सुट्टीला जाणारी बाई. माझ्या हातात फार तर एवढंच आहे की बक्षिशी पेसोत द्यावी, कारण परकी नाणी तिथे बदलून मिळत नाहीत. क्रीम फासून प्रवाळांवर उतरू नये. आणि एक दिवस पट्ट्याबाहेर जेवावं. एवढ्यानं खारफुटी वाचत नाही हे मलाही कळतं. पण मी न गेल्यानंही वाचत नाही. असो. आता पुतणीच्या लग्नाचं बोला. न्यूजर्सीची मंडळी आणि आपण, दोघांनाही सोयीचं म्हणून त्यांनी तिथलंच हॉटेल धरलंय. तुमच्याकडे अमेरिकेचा व्हिसा आहे, त्यावर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. यायचं नाही असं म्हणालात तर ती रुसेल.

शंकेखोर : पोरीच्या लग्नाला न यायला मी काय वेडा आहे? येईन. पण राहीन गावात, सुपरमान्सानामध्ये. सकाळी तुमच्या त्या चौकात न्याहारी करीन आणि मुहूर्ताला बसनं पट्टीवर येईन.

हौशी : या की. आर-1 आणि आर-2 च्या बस त्या रस्त्यानं सारख्या धावत असतात. फक्त मनगटावर पट्टा नसला की हॉटेलाच्या दारातून आत सोडत नाहीत. बाहेर उतरलेल्या वऱ्हाड्याला दिवसाचा पास काढावा लागतो, बऱ्यापैकी महाग असतो, आणि तो मुलीच्या बापाच्या बिलात जातो.

शंकेखोर : काकानं पुतणीच्या लग्नाला तिकीट काढून यायचं! अहो, मेक्सिकोच्या कायद्यानं किनारा राष्ट्राच्या मालकीचा आहे. भरतीच्या रेषेपासून वीस मीटरची पट्टी केंद्र सरकारची, हॉटेलाला ती वापरायला मिळते ती नुसत्या परवान्यावर. वाट अडवणाऱ्याला दंड करायची तरतूद 2020 मध्ये आणखी कडक केलीय. हे मी तुम्हाला कागदावरचं सांगतोय. आता तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं सांगा, चालतं का तसं?

हौशी : काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी सार्वजनिक वाट दोन हॉटेलांच्या भिंतींमध्ये अशी दडलेली असते की शोधावी लागते. प्लाया देल्फिनेसला मागे हॉटेलच नाही, तिथे रविवारी सगळं गाव लोटतं. आपलं हॉटेल तिथून जवळ आहे. देल्फिनेसला बसमधून उतरा, वाळूत जा आणि पाण्याच्या कडेनं चालत या. लग्न किनाऱ्यावर आहे, मंगलाष्टकांना उभं राहून अक्षता टाकायला तुम्हाला कुणी अडवणार नाही. जेवायला मात्र पास लागेल.